फळ फाटकाबाहेर गेलं

साहेब, तुम्ही शब्द फिरवलात. चोरून दिलेला शब्द नव्हे. भर जेवणाच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, रुमालाला हात पुसत दिलेला. तुम्हाला वाटलं असेल, म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात काय राहतंय! त्यांच्या लक्षात आहे. माझ्याही आहे. मी तेव्हा खिडकीबाहेरच उभी होते. मी नेहमी तिथेच उभी असते. मला दुसरीकडे जाता येत नाही.

मित्रांनो, मी ड्रॅगन फ्रूटची एक जुनी वेल आहे. नाव ऐकून दचकू नका, मी आग ओकत नाही. ओकता आली असती तर बरं झालं असतं, असं हल्ली वाटतं. मला पानं नाहीत. तीन धारांच्या जाड हिरव्या फांद्या आणि धारेवर काट्यांचे झुबके, एवढाच माझा संसार. निवडुंगाला कुणीतरी ‘वेल हो’ म्हणावं आणि त्याने कुरकुरत ऐकावं, तशी मी दिसते. वृद्धांच्या एका निवासामागे छोटं अंगण आहे. त्यातल्या सिमेंटच्या खांबाला मी बांधलेली आहे. एका बाजूला जेवणाच्या खोलीची खिडकी, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार, मागे उंच भिंत. आभाळ दिसतं तेही चौकोनी.

मी इथे आले ती एका खाकी पिशवीतून. पिशवी कंडक्टरबाईंची. उभी हयात त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली. एक घंटा वाजवून बस थांबवली, दोन वाजवून सोडली. ड्रायव्हर कितीही मोठा असो, त्यांच्या दोन घंटांशिवाय चाक हलत नसे. अशा बाईला तिच्या मुलाने एके दिवशी गाडीत बसवून इथे आणलं. फ्लॅट विकला होता. निघताना बाईंनी गॅलरीतल्या वेलीची एक फांदी विळीवर कापली आणि पिशवीत टाकली. ती फांदी म्हणजे मी.

आल्यावर बाई रुसल्या. जेवत, झोपत, पण कुणाशी बोलत नसत. पिशवी खुंटीला तशीच लटकत राहिली आणि मी आत अंधारात. मला वाटलं, संपलं आपलं. पण झालं उलटंच. माझ्या कापलेल्या टोकाचा चीक त्या दिवसांत वाळला, जखमेवर कोरडी खपली धरली. ओल्या जखमेनिशी मला मातीत खुपसलं असतं, तर मी आठवड्यात कुजले असते. बाईंना तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा रुसवा मला औषधासारखा लागू पडला, एवढंच.

बाईंच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर पावडरमावशी राहतात. त्यांना भेटायला कुणी येत नाही, तरी रोज संध्याकाळी तोंड धुऊन, गुलाबी पफने पावडर लावून त्या तयार बसतात. म्हणून हे नाव. त्यांनीच एक दिवस पिशवीत हात घातला आणि किंचाळल्या.

“अगं बाई, साप!”

“साप कसला, माझं झाड आहे ते,” बाई म्हणाल्या. इथे आल्यावर त्यांचं पहिलं धड वाक्य ते हेच.

“झाड आणि पिशवीत?”

“मी नाही का या खोलीत?”

दोघी हसल्या, आणि त्याच दुपारी मला खांबाच्या बुडाशी लावलं. पूर्वी या खांबाला कपडे वाळत घालायची दोरी होती, नंतर ती गच्चीवर गेली. खांब रिकामाच होता, इथल्या सगळ्यांसारखा.

आता एक विचित्र गोष्ट सांगते. मी दुष्काळात तगणारी जात आहे. इथे मी मरायला टेकले ती पाण्याने. या निवासात हाताला काम कुणालाच नाही. पूर्वी ज्यांनी घरं चालवली, दुकानं चालवली, त्यांना इथे पाण्याचा पेलासुद्धा आयता मिळतो. मग कुणीतरी मागच्या अंगणात येई, इकडेतिकडे बघे आणि आपल्या पेल्यातलं पाणी हळूच माझ्या बुडाशी ओती. थोड्या वेळाने दुसरं कुणी. मग तिसरं. प्रत्येकाला वाटे, बिचारीकडे आपल्याशिवाय कुणाचं लक्ष नाही. एका आजोबांनी ताकद येईल म्हणून आपली औषधाची गोळी विरघळवून घातली. माझं बूड पिवळं पडलं, मऊ झालं. माया म्हणाल तर पूर आला होता, आणि मी त्यात बुडत होते.

बाईंनी ते बूड बोटाने दाबून पाहिलं आणि त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला. जुन्या कॅलेंडरचे चिटोरे करून त्यांनी तिकिटं बनवली. ज्याच्याकडे तिकीट त्यानेच पाणी घालायचं, तेही माती कोरडी असली तरच.

“विनातिकीट पाणी घातलंत तर दंड!” जेवणाच्या खोलीत त्या गरजल्या. “आणि घाई करू नका, सगळ्यांना जागा मिळेल.”

गोळीवाल्या आजोबांनी विचारलं, “बाई, ज्येष्ठांना सवलत?”

“इथे सगळेच ज्येष्ठ. सवलत देऊन गाडी तोट्यात घालू का?”

महिन्याभरात मी सावरले. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून बाईंनी मला खांबाला बांधलं. मित्रांनो, बांधलं म्हणून मी रागावले नाही. वेलीला आधार लागतो. पण आधार आणि बेडी यांच्यात एक फरक असतो, तो नीट ऐका. फांदी जाड झाली की तीच पट्टी तिच्या अंगात रुतते. म्हणून बांधणाऱ्याने मधूनमधून येऊन गाठ सैल करायची असते. बाई करायच्या. ज्यांनी बाईंना इथे बांधलं, त्यांतलं कुणी गाठ बघायला आलं नाही. मुलगा फोन करी. तोही साहेबांना.

मी खांबाच्या डोक्यापर्यंत चढले. तिथून आमच्या जातीला खाली लोंबायचं असतं, आणि त्यासाठी वर कडं लागतं. कडं आलं भिंतीपलीकडून. पलीकडे पंक्चरचं दुकान आहे. ते चालवणारी बाई भिंतीला शिडी लावून आपल्या पत्र्यावर जुने टायर रचत असे. माझी उघडी शेंडी तिला दिसली.

“आजी, हिला डोक्यावर टायर द्या, नाहीतर वारा मोडेल!” तिने वरूनच हाक मारली.

“माझ्याकडे कुठला टायर? माझी बस कधीच डेपोत लागली!”

पंक्चरवाली खदखदून हसली. तिने स्कूटरचा एक झिजलेला टायर भिंतीवरून खाली सोडला. गोळीवाल्या आजोबांनी स्टुलावर चढून तो खांबाच्या टोकाला तारेने आवळला. बाईंनी माझा शेंडा खुडला. शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात. चार दिशांनी माझ्या फांद्या टायरवरून खाली झुकल्या. तो माझा सगळ्यात सुखाचा काळ. रोज संध्याकाळी बाई आणि पंक्चरवाली भिंतीच्या अल्याडपल्याड गप्पा मारत. रस्त्यावर काय चाललंय, कुठली बस वेळेवर आली, कुठला ड्रायव्हर कट मारतो. बाई कान देऊन ऐकत. पंक्चरवालीच्या अंगणातही माझ्या जातीच्या वेली होत्या, पण आमचं गोत्र वेगळं. त्यांचं फळ आतून पांढरं, माझं लालभडक होणारं.

मग साहेबांनी टायर पाहिला. साहेब म्हणजे इथले व्यवस्थापक. मारत नाहीत, ओरडत नाहीत. गोड बोलतात आणि कुलूप लावतात.

“आजी, भिंतीवरून वस्तू घ्यायच्या नाहीत. उद्या कुणी चोर आला म्हणजे?”

“मी तुमची आजी कधी झाले?” बाई म्हणाल्या. “आणि चोर आला तर नेईल काय? आम्हाला?”

साहेब हसले. चार दिवसांनी भिंतीवर काटेरी तार लागली. काट्यांची मला लाज नाही, मलाही आहेत. पण माझे काटे मला खाणाऱ्यांसाठी आहेत. आपल्याच माणसांना कोंडायला काटे वापरणारी जात मी तरी दुसरी पाहिली नाही.

पुढच्या हंगामात मला कळ्या आल्या. माझं फूल तुम्ही कधी पाहिलंय का? ओंजळीत मावणार नाही एवढं मोठं, पांढरंशुभ्र, आत पिवळ्या परागाची दाट झालर. ते अंधार पडल्यावर उमलतं आणि ऊन आलं की मिटतं. आयुष्य एवढंच. रहिवाशांना अंगणात यायचं मागचं दार उघडतं ते सकाळचा चहा झाल्यावर, कारण नियम तसा आहे. तोवर माझं फूल मान टाकून लोंबत असे. बाईंनी ते कधी उमललेलं पाहिलंच नाही. त्यांना दिसायचं ते ओल्या रुमालासारखं काहीतरी. त्यामागची गाठ पिवळी पडून गळून जाई. एकामागून एक सगळी गळाली. बाई ती वेचून खांबाच्या बुडाशी ओळीने ठेवत.

याच दिवसांत तो शब्द दिला गेला. बाईंनी जेवणाच्या खोलीत साहेबांना अडवलं. म्हणाल्या, “मला सकाळी फाटकाबाहेर जाऊ द्या. एकटीला. बसस्टॉपपर्यंत जाईन, येईन.”

“मुलगा नको म्हणतो. तुम्हाला विसर पडतो ना? घरी गॅस चालू ठेवलात म्हणे.”

“एकदा ठेवला. तुमच्या ऑफिसातला पंखा रोज रात्रभर चालू असतो. तुम्हाला कुठे ठेवायचं?”

खोलीत हशा पिकला. साहेबांना तो लागला. हात पुसत त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बोट केलं. “ते झाड आहे ना तुमचं? त्याला एक फळ आणून दाखवा. एवढं सांभाळलंत तर मी स्वतः मुलाला सांगेन, आई अगदी ठीक आहे, आणि फाटक उघडेन. मग जा रोज सकाळी. झालं?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. साहेबांनी माझी फुलं गळताना पाहिली होती. गळक्या बादलीत पाणी भरून आण, असं सांगण्यातला हा प्रकार.

तेव्हापासून बाईंचा जीव माझ्यात अडकला. त्या रोज येऊन माझ्या फांद्या चाचपत. “अगं, एक दे,” म्हणत. “एकच दे. डझनभर कोण मागतंय?” मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं की माझ्यात खोट नाही. माझ्या जातीच्या कित्येक वेलींना स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या गोत्राच्या वेलीचा पराग फुलाला लागावा लागतो. मी इथे एकटी. फळासाठी बाहेरून कुणीतरी आत यायला हवं होतं, आणि बाहेर जाण्यासाठी फळ हवं होतं. आम्हा दोघींना एकाच कुलपात घातलं होतं.

पंक्चरवालीने तारेपलीकडून हाक मारली ती पुढच्या वर्षी, मला पुन्हा कळ्या धरल्यावर. “आजी, नुसत्या कळ्या मोजू नका. माझीही पहिली दोन वर्षं अशीच गळाली. मग सासूच्या गावाहून दुसरी फांदी आणली, तेव्हा कुठे फळ दिसलं. हिला पाहुणा लागतो.”

“पाहुण्यांना इथे भेटीची वेळ असते गं पोरी. तीही दुपारची.”

“मग वेळेच्या आधी येऊ!”

दोघींनी बेत केला. त्यात पावडरमावशी आल्या, कारण त्यांना वगळलं तर त्या गावभर करतील अशी बाईंना धास्ती होती. अडचण होती दाराची. पण दूध तापवायला स्वयंपाकघर पहाटेच उघडतं, आणि त्याचं दार माझ्याच अंगणात. स्वयंपाकीणबाईंना विचारलं. त्यांनी आधी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “पहाटे मी कांदा चिरते. कांदा चिरताना मला काही दिसत नाही.”

त्या पहाटे माझी एकच कळी उमलली होती. अजून झुंजूमुंजू होतं. बाई दारातून बाहेर आल्या आणि थबकल्या. इतकी वर्षं त्यांनी मला पाणी घातलं, पण माझं फूल त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मावशींनी तोंडावर हात ठेवला, “अगं बाई, हे एवढं सगळं रोज आपण झोपल्यावर चालतं?”

भिंतीपलीकडून बांबू वर आला. टोकाला बाटलीचं झाकण बांधलेलं आणि झाकणात पिवळा पराग. बांबू तारेत अडकला. पंक्चरवाली शिव्या पुटपुटत तो हलवत होती. अर्धा पराग सांडला. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर चढल्या, मावशींनी खुर्चीचे पाय धरले.

“लावायचं कशाने?” बाई कुजबुजल्या. ब्रश आणायचा सगळ्या विसरल्या होत्या.

मावशींनी पदराआडून आपला गुलाबी पफ काढला. त्यांनी तो कुणाला कधी हात लावू दिला नव्हता. “घे. तसंही माझ्याकडे कोण बघतंय.”

बाईंनी पफ झाकणात बुडवून माझ्या फुलाच्या मधल्या दांडीला हलकेच टेकवला. एकदा, मग पुन्हा. नेम चुकला नाही.

“पुढे चला,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

फूल मिटलं, सुकलं, पण त्यामागची गाठ पिवळी पडली नाही. ती हिरवी राहिली आणि फुगू लागली. सगळं निवास तिच्याभोवती गोळा होई. गोळीवाले आजोबा पाखरांना हाकलायला काठी घेऊन बसत. मावशी तर माझ्या फळाला ‘बाळ’ म्हणत. आणि बाईंनी पलंगाखालून बाहेर जायचे बूट काढले, पुसले, नाड्या बदलल्या. फळाचा रंग पालटू लागला, हिरव्याचं गुलाबी, गुलाबीचं लाल. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. म्हणाल्या, “भूक नाही, पोट भरलंय.”

साहेबांनी फळ पाहिलं. “अरे वा!” म्हणाले. दुसऱ्या दिवशी निवासाला मोठे पाहुणे येणार होते. ते आल्यावर बाईंना माझ्याजवळ उभं केलं, फळ तोडून हातात दिलं, फोटो काढला. आजही तो दर्शनी खोलीत टांगलेला आहे. खाली लिहिलंय, ‘आमच्या रहिवाशांचं आनंदी जीवन’. फोटोत बाई हसताहेत. खरंच हसत होत्या. त्यांना वाटत होतं, उद्या सकाळी.

पाहुणे खूश झाले. त्यांच्यातल्या एका बाईंनी फळ हातात घेतलं, वास घेतला, “किती गोड!” म्हणाल्या. साहेब लगेच म्हणाले, “घेऊन जा ना, आमच्याकडून भेट.” फळ पाहुण्यांच्या गाडीत बसलं. फाटक उघडलं. गाडी गेली. फाटक बंद झालं. माझं फळ बाहेर गेलं. त्याला कुणी सही मागितली नाही, कुणाच्या मुलाची परवानगी मागितली नाही, त्याला विसर पडतो का हेही कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बूट घालून ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. ऑफिसची खिडकी अंगणाकडेच आहे, मला सगळं ऐकू आलं.

“फळ आलं, साहेब.”

“हो हो, मस्तच! पुढच्या वर्षी आणखी येऊ देत.”

“फाटक.”

साहेबांनी आधी आठवत नसल्यासारखं केलं. मग हसले. “अहो आजी, ती गंमत होती. या वयात बाहेर काय ठेवलंय? इथे काय कमी आहे तुम्हाला?”

“मुलाला सांगणार होतात.”

“बोललो मी. ते म्हणाले, उगाच जोखीम नको. तरी बघू.”

“मला लावून द्या फोन.”

फोन लागला. मुलाचा आवाज ऐकू आला नाही, बाईंचाच आला. “नाही रे, पडले नाही. नाही, गॅस कुठला इथे? अरे, मी फळ आणलं. फळ! ड्रॅगन फ्रूटचं, आपल्या गॅलरीतल्या वेलीचं. हो, ती. ऐक ना. अरे, ऐक तर. हो, तू कामात असशील. बरं.” मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

बाई परत माझ्याकडे आल्या. रडल्या नाहीत. माझी एक पट्टी रुतली होती, ती त्यांनी सैल केली. मग चाकूने माझी एक फांदी कापली, जखम वाळेपर्यंत सावलीत ठेवली आणि पंक्चरवालीला सांगून बांबूच्या टोकाला बांधून पलीकडे धाडली. आता माझा एक तुकडा भिंतीबाहेर वाढतो आहे. पंक्चरवाली सांगते, त्याला कोंब फुटला. रस्त्याच्या कडेला आहे, बसचा धूर खातो, मजेत आहे.

बाई मात्र इथेच आहेत. रोज सकाळी त्या बूट घालून फाटकाशी जातात. गेटवरचा माणूस खाली बघतो. “माझ्या हातात नाही हो बाई, साहेबांना विचारा,” म्हणतो. त्या थोडा वेळ उभ्या राहतात आणि परततात. मित्रांनो, त्यांना आमच्यासारखी मुळं नाहीत. त्यांना पाय आहेत. हा फरक तुम्हाला कळतो, मला एका वेलीला कळतो. तुमच्या घरातही कुणी म्हातारं माणूस असेल, आणि तुम्ही ‘त्यांच्याच भल्यासाठी’ एखादं दार लावलं असेल, तर ते आज उघडून बघा. माणूस पळून जात नाही. फार तर बसस्टॉपपर्यंत जाऊन येतं.

आणि साहेब, तुम्ही. खिडकी लावून घेऊ नका, ऐका. तुम्ही फळ मागितलंत, आम्ही ते दिलं. या वर्षी पुन्हा कळ्या आल्या आहेत, पण त्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही, दुसरं फळ आम्हाला मागू नका. ती बाई आत्ता तुमच्या दारात उभी आहे, बूट घालून. फाटक उघडणार की नाही? आणि उघडणार नसाल, तर तिने कोणता गुन्हा केला ते तिच्या तोंडावर सांगा. ‘बघू’ हे उत्तर चालणार नाही.